‘आधी’च्या बाटलीतले लाल धागे

४ जानेवारी

प्रिय चिमटी,

पेटी आली. चारही बाटल्या शाबूत आहेत. गेटवर रखवालदाराने पेटी उचलून, हलवून पाहिली आणि विचारलं, "काय रे, औषधं का?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "औषधच आहे. याच्या डोक्यावरचं. चार बाटल्या पुरायच्या नाहीत." सगळे हसले. मामा धुलाई खात्याचा मुकादम आणि मी त्याच्या हाताखाली, त्यामुळे मलाही हसावं लागलं.

तुझी अट मान्य. फोन नाही, पत्रच. फोनवर मी ओरडतो, तू ठेवून देतेस आणि मग मी भिंतीशी भांडतो. लिहायला निदान पेन शोधावं लागतं, तेवढ्यात अर्धा राग उतरतो. उरलेला अर्धा खाली येतोच आहे.

मालकाने परवानगी दिली. म्हणाला, "गुरुवारी सकाळी दहाला भर पाणी, कुणाच्या कामात लुडबुड करू नकोस. शिकलेली मुलगी आपल्या पाण्यावर पुस्तक लिहितेय, लिहू दे." सध्या आमच्याकडे दोनच रंगांचा माल आहे, निळा आणि करडा. विणून आलेले स्वेटर मोठ्या मशीनमध्ये धुवायचे, वाळवायचे, घड्या घालायच्या. धुतलेलं पाणी पाइपने मागच्या ओढ्यात. तू म्हणतेस त्या पाण्यातून डोळ्यांना न दिसणारे धागे जातात, ते कुजत नाहीत, माशांच्या पोटात साठतात. साठत असतील. मला इथे दिसणारेच पुष्कळ आहेत, संध्याकाळी शिंकलं की निळे निघतात.

आता राग. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तुझ्या अक्षरात नाहीत. तुझं अक्षर मी तीन वर्षांपूर्वीच्या वहीत अजून बघतो. प्रॅक्टिकलवरून सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं तेव्हा तू प्रयोगशाळेच्या दारात हातात चिमटा घेऊन उभी होतीस आणि म्हणालीस, "जातोयस तर जा, पण माझी वही तरी घेऊन जा, पुढेमागे वाचशील." तेव्हापासून तू चिमटी. तर हे टपोरं, पट्टीवर चालल्यासारखं अक्षर कुणाचं? माझ्या चिमटीला चिठ्ठ्या लिहायला माणूस कधीपासून लागायला लागला?

तुझाच,
भडक्या

—

११ जानेवारी

प्रिय भडक्या,

आधी बोलणी खा. सूचना न वाचताच तू पाणी भरून पेटी परत पाठवलीस, ते सगळं फुकट गेलं; वर पत्र सरळ बाटल्यांच्या मधे कोंबलंस. अरे, कागदाचेही धागे झडतात! पुढचं पत्र स्वयंपाकघरातल्या त्या चंदेरी कागदात गुंडाळून पाठव. आमच्या गाइड मॅडमनीच पेटी उघडली. पत्र वर काढून म्हणाल्या, "हा नमुना कुठल्या ठिकाणचा म्हणायचा?" मला कुठे तोंड लपवू असं झालं.

चिठ्ठ्या आमच्या सीनियरनी लिहिल्या. ते माझ्याआधी चार वर्षं इथे आहेत. धागे ओळखायला आणि मोजायला मला त्यांनीच शिकवलं. बस, एवढंच.

आता नीट वाच. तू सूचना शेवटपर्यंत वाचत नाहीस, म्हणून तर कॉलेजात तुझ्या हातून तीन नळ्या फुटल्या. ‘आधी’ लिहिलेली बाटली पुलावरून भरायची, म्हणजे कारखान्याच्या वरच्या अंगाला. तिथे वसाहतीतल्या घरांमधलं कपडे धुतलेलं पाणी येतं, कारखान्याचं नाही. ‘तोंड’ पाइपच्या तोंडाशी. ‘नंतर’ खाली, पंपघराजवळ. तीन वेळा त्याच पाण्याने विसळायची, मग भरायची. वारा तोंडावर घेऊन उभं राहायचं, म्हणजे तुझ्या अंगावरचं काही बाटलीत उडणार नाही. सोबत नव्या बाटल्यांबरोबर पांढरा सुती कोट पाठवलाय, तो घालायचा.

चौथी बाटली ‘कोरी’. तिच्यात आम्ही इथेच गाळलेलं स्वच्छ पाणी आहे. तू दुसऱ्या बाटल्या उघडशील तेव्हा हीही शेजारी उघडी ठेव आणि त्यांच्याबरोबरच बंद कर. हवेतून, तुझ्या कपड्यांवरून जे काही पडेल ते तिच्यातही पडेल. कोरीत जे सापडतं ते आम्ही बाकीच्या बाटल्यांच्या मोजणीतून वजा करतो. ते ओढ्याचं नाही, भरणाऱ्याचं, म्हणून.

हे खेळ नाहीत हं. बारा एप्रिलला मला समितीपुढे आकडे ठेवायचेत. पटले तर काम पुढे चालू, नाही पटले तर शिष्यवृत्ती बंद आणि मी घरी. घरी म्हणजे काय ते तुला माहीत आहे. बाबांनी तीन मुलं बघून ठेवली आहेत आणि त्या तिघांत तू नाहीस. तुझ्या मालकांनीही मॅडमना शब्द दिलाय की आकडे वाईट आले तर पाइपला धागे अडवणारी जाळी बसवीन. जाळी आणलीय म्हणे, गोदामात आहे.

तुझी,
चिमटी

—

१८ जानेवारी

प्रिय चिमटी,

पत्र चंदेरी कागदात आहे. मामी विचारत होती, "कुणाला डबा पाठवतोयस?"

सगळं तू लिहिलंस तसंच केलं. पुलावर वारा तोंडावर घेऊन उभा राहिलो तर डोळ्यांत कचरा गेला. पाइपशी चिखलात गुडघाभर रुतलो. पंपघरावरचा माणूस म्हणाला, "पाण्यात काय हरवलं?" मी म्हटलं, धागा. तो म्हणाला, "मग सुई तुझ्याकडेच असेल की." कोरी बाटली काठावर ठेवली होती, पोरीला सोबत घेऊन गेल्यासारखं सारखं तिच्याकडे लक्ष.

कोटाच्या बाह्या माझ्या बोटांच्याही खाली येतात. कुणाच्या मापाचा आहे हा? एवढे लांब हात कुणाचे? चिठ्ठ्या ते लिहिणार, धागे ते शिकवणार, कोटही त्यांचाच आणि मी तो घालून चिखलात उभा. अगं, तुला शिकवायला त्यांना किती जवळ बसावं लागतं? सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची जागा एकच असते एवढं मीही शिकलोय.

आणि त्यांना तू काय म्हणतेस? दादा म्हणतेस का? म्हणत नसलीस तर का म्हणत नाहीस? चार वर्षांनी मोठा माणूस, शिकवतो, सांभाळतो. सरळ दादा म्हणून टाकावं.

बारा एप्रिलची तारीख मशीनवर खडूने लिहिली आहे. त्या तिघांची नावं कळव. नुसतं माहीत असावं म्हणून.

तुझाच,
भडक्या

—

१ फेब्रुवारी

प्रिय भडक्या,

नावं कळवणार नाही. तू जाऊन दगड मारशील.

पहिले आकडे आले! एका लिटरमध्ये ‘आधी’ अकरा धागे, ‘तोंड’ तीनशे चाळीस, ‘नंतर’ अठ्ठावन्न. म्हणजे ओढा तुमच्या कारखान्यापाशी येईपर्यंत बरा असतो आणि तिथून पुढे निळा-करडा होऊन जातो. मी सलग सहा तास काचेवर वाकून मोजत होते, मान धरली, पण असं वाटत होतं की नाचावं.

एक गंमत. कोरीत तीन लाल धागे निघाले. लाल, जाडसर, अक्रिलिक. धागा कशाचा ते सांगणाऱ्या मशीनवर घालायचीही मला गरज पडली नाही. तो तुझा लाल स्वेटर आहे ना, कॉलेजात मे महिन्यातही घालायचास तो? कोटाच्या आत घातला होतास ना? काचेखाली तो लाल दिसला आणि मला एकटीलाच हसू फुटलं. शेजारी तो बसला होता, म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, ओळखीचं माणूस भेटलं. पण आता पुरे. वजा केले ते. पुढच्या वेळी स्वेटर घरी काढून ठेव.

तक्ता सोबत जोडते, तुलाही कळू दे आपण काय करतोय ते. शेवटच्या ओळीत आमच्या प्रयोगशाळेची स्वतःची कोरी आहे, इथल्या हवेत काय उडतं ते बघायला. त्यात हिरवे सात.

तुझी,
चिमटी

—

५ फेब्रुवारी

चिमटी,

तक्ता बघितला. शेवटची ओळ आधी बघितली.

हिरवे सात. कुणाचे?

तुझ्याकडे हिरवं काही नाही. हिरवा तुला आवडत नाही, कॉलेजच्या गॅदरिंगला हिरवा कुर्ता मिळाला तर तू रडून बदलून घेतला होतास. माझे तीन सापडले, ते मी शंभर मैलांवरून बाटलीत बसून आलो म्हणून. हे सात कुठून आले? तुझ्या टेबलावर, तुझ्या बशीत, तुझ्या श्वासाच्या अंतरावर सात धागे पडायला तो हिरवा स्वेटर किती वेळ, किती जवळ बसावा लागतो, हे तूच मला शिकवलंस. माझे तीन त्याच्या सातांपुढे वजा केलेस. आणि मागच्या पत्रात ‘ते’ होते, या पत्रात ‘तो’ झाला. वीस दिवसांत ‘ते’चा ‘तो’! अजून वीस दिवसांनी काय होणार आहे?

मामाला तक्ता दाखवला. मामा म्हणाला, "धाग्यावरून स्वर्ग गाठतोयस." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

फक्त एवढं लिही. हिरवा कुणाचा?

—

१२ फेब्रुवारी

भडक्या,

लिहिणार नाही.

उत्तर आहे आणि एका ओळीत मावतं. पण मी ते देणार नाही. आज हिरव्याचं दिलं तर उद्या तू पिवळ्याचं मागशील. बाबा विचारतात कुठे गेलीस, कुणाबरोबर होतीस, किती वाजता आलीस. तूही तेच विचारणार असशील तर मग त्या तिघांत आणि तुझ्यात फरक काय?

तुझ्यावर विश्वास ठेवून मी माझं सगळं काम तुझ्या हातात दिलंय. उलट्या बाजूने तेवढंच मागते.

यापुढे पेटीत फक्त बाटल्या पाठव.

चिमटी

—

१५ फेब्रुवारी

चार बाटल्या पाठवल्या आहेत. स्वेटर घातला नव्हता. काम ते काम.

भ.

—

२९ मार्च

प्रिय भडक्या,

सहा आठवडे तू "बाटल्या पाठवल्या" एवढंच लिहिलंस आणि मीही उत्तर दिलं नाही. दोघंही सारखेच. पण आज लिहितेय, कारण आज मी तुझ्यासाठी भांडले. आणि असं भांडले की तू असतास तर तुला माझी भीती वाटली असती.

झालं असं. फेब्रुवारीच्या मध्यापासून ‘आधी’च्या बाटलीत लाल धागे यायला लागले. एखाद-दुसरा नाही, लिटरला चाळीस! ‘आधी’ अकरावरून बावन्नवर गेलं. ‘नंतर’ होतं तिथेच, छप्पन्न. बावन्न आणि छप्पन्न, म्हणजे पाइपच्या तोंडाशी कितीही निघोत, ओढ्यात कारखान्यामुळे जवळजवळ काहीच भर पडत नाही, जे काय येतं ते वसाहतीतल्या घरांमधून, असा अर्थ निघतो. मला आधी तुझा स्वेटर आठवला. पण कोरी बघितली तर स्वच्छ! सहाही आठवडे एकसुद्धा लाल नाही. म्हणजे ते तुझ्या अंगावरचे नाहीत, पाण्यातलेच. मॅडमनी तुझ्या मालकांना तसं कळवलं आणि त्यांचं आभाराचं पत्रही आलं. जाळी परत पाठवतोय म्हणाले.

आज सीनियरनी सगळे तक्ते एकाखाली एक लावले आणि म्हणाले, "हे पाणी वरून खाली वाहतं ना? मग पुलावर चाळीस लाल आणि पंपघराशी एकही लाल नाही, हे कसं?" मी म्हटलं, मधे पाणी थोडं साठतं, तळाशी बसत असतील. ते म्हणाले, "निळे बसत नाहीत, करडे बसत नाहीत, फक्त लालच बसतात? कुणीतरी ‘आधी’च्या बाटलीत धागे टाकतंय. कारखाना निर्दोष दिसावा म्हणून. तुमचा बाटल्या भरणारा कारखान्याचाच नोकर आहे, एवढं तरी लक्षात घ्या."

मी टेबलावर हात आपटला. हो, मी! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. मी म्हटलं, तो भांडखोर असेल, अर्धवट शिकलेला असेल, माझ्याशी सहा आठवडे धड बोललाही नसेल, पण विकला जाणारा नाही. त्याच्यावर संशय घ्यायचा असेल तर आधी माझ्यावर घ्या.  

शेवटी मॅडम म्हणाल्या, त्याच्याकडून लेखी आण. एवढंच लिही: बाटल्या सांगितल्या तशाच भरल्या, वावगं काही केलं नाही. खाली सही कर, खऱ्या नावाने. बारा तारखेला मी ते समितीपुढे ठेवीन आणि मग बघते कोण बोलतंय.

तुझीच,
चिमटी

ता. क. फेब्रुवारीतलं विसर. मी विसरले.

—

२ एप्रिल

चिमटी,

तू मागितलंस ते लेखी हेच. दुसरं लिहिता येत नाही. चार कागद फाडले.

लाल धागे मीच टाकले. मालकाने सांगितलं नाही, मामाला माहीत नाही, कुणी मला चहासुद्धा पाजला नाही. तुमचे सीनियर म्हणाले ते निम्मं खरं आहे. धागे टाकले हे खरं, कारखान्यासाठी हे खोटं.

तू लिहिलं होतंस की काचेखाली लाल दिसला आणि हसू फुटलं. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. मग हिरवे सात आले आणि तू म्हणालीस, लिहिणार नाही. पंधरा फेब्रुवारीला बाटल्या भरून झाल्यावर मी घरी आलो, स्वेटरचं कोपर ब्लेडने खरवडलं, तो भुगा चिमटीत घेतला आणि ‘आधी’ची बाटली उघडून तिच्यात सोडला. ‘आधी’चीच का, तर तिच्यातलं पाणी सगळ्यात नितळ. ‘तोंड’मध्ये साडेतीनशे निळ्यांच्या गर्दीत मी तुला दिसलो नसतो.

आणि कोरीत टाकला नाही. तो मुद्दाम टाकला नाही. कोरीत सापडलं की तू वजा करतेस. मला वजा व्हायचं नव्हतं.

एवढंच होतं माझ्या डोक्यात. तो तुझ्या शेजारी बसतो, तर मी तुझ्या डोळ्यांखाली बसेन. तू मोजशील. एक, दोन, तीन, चाळीसपर्यंत माझ्याकडे बघशील आणि तेवढा वेळ तरी त्याच्याकडे बघणार नाहीस. दर गुरुवारी थोडा जास्त खरवडायचो. तू हसतेयस असं धरून चाललो होतो. तू आकडे मांडतेयस हे मला कळायला हवं होतं. वर टाकलेलं खाली यायला हवं एवढंही सुचलं नाही. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष पुरं केलं असतं तर सुचलं असतं की नाही, कोण जाणे.

मालकाचं आभाराचं पत्र गेलं त्या दिवशी मामाने सगळ्या खात्याला चहा दिला. म्हणाला, "आपलं पाणी स्वच्छ निघालं, माझ्या भाच्याने भरलेलं." मी तो चहा प्यायलो. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण बोललो असतो तर तुझ्यापर्यंत आलं असतं.

पहिले जानेवारीचे आकडे खरे आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही. पंधरा फेब्रुवारीपासून पुढचे ‘आधी’चे सगळे खोटे.

तू माझ्यासाठी टेबलावर हात आपटलास. तीन वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो. आणि आपटलास तो नेमका मी खोटा असताना.

(खाली खऱ्या नावाची सही केली आहे.)

—

१८ एप्रिल

पत्र पाच तारखेला मिळालं. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

बारा तारखेला मला समितीपुढे बोलायला बारा मिनिटं होती. त्यातली सात तुझ्यावर गेली.

मला वाटलं होतं ते सात आठवडे गपचूप गाळून टाकावेत आणि जानेवारीचेच मांडावेत. मॅडम म्हणाल्या, "नको असलेला आकडा असा फेकता येत नाही. का फेकला ते सांगावं लागतं आणि पुरावा जोडावा लागतो." पुरावा म्हणजे तुझं पत्र. मी म्हटलं, निदान मधल्या काही ओळी काळ्या करू दे. त्या म्हणाल्या, "खाडाखोड केलेला कागद कोण मानेल?" तेव्हा ते सबंध पत्र आता माझ्या अहवालाच्या मागे जोडलेलं आहे, परिशिष्ट तीन, पान एकशे सहा. त्यावर समितीतल्या तिघांच्या सह्या आणि कार्यालयाचा शिक्का आहे. खरवडलेलं कोपर, माझं हसू, तुझं वजा न होणं, सगळं. पुढे जो कुणी त्या ओढ्यावर काम करील तो ते वाचील.

समितीतले एक म्हातारे सर बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी विचारलं, "हा मुलगा शिकलाय किती?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि पान उलटलं.

सीनियरांनीही वाचलं. वाचून मला म्हणाले, "माझं चुकलं हो. हा विकलेला नाही, हा येडा आहे." आणि माफी मागितली. खरं तर मीच मागायला हवी होती. हात आपटून खोटं मी बोलले होते, न कळत का होईना.

आता हिरवा. आमच्याकडे बाटल्या ठेवायची एक थंड खोली आहे. तिच्या दारामागे एक हिरवा स्वेटर टांगलेला असतो. कुणाचा आहे ते कुणालाच माहीत नाही, आम्ही सगळे यायच्या आधीपासून तिथे आहे. जो आत जातो तो घालतो, बाहेर आला की टांगतो. मॅडम घालतात, झाडणाऱ्या मावशी घालतात, मी दिवसातून चार वेळा घालते. ते सात धागे बहुधा माझ्याच अंगावरून पडलेले. सांगितलं असतं तर एवढं घडलं नसतं, हे मीही रोज स्वतःशी म्हणते. पण ते न सांगायचा मला हक्क होता, हेही म्हणते.

समितीने काम थांबवलं नाही. पुन्हा पहिल्यापासून, सप्टेंबरपर्यंत. बाबांना सप्टेंबर सांगितलंय. ते म्हणाले, एवढंच आणि शेवटचं.

पेटी यापुढे मामांच्या नावाने येईल. मी त्यांना वेगळं लिहिलंय. तू बाटल्यांना हात लावायचा नाहीस, पुलावर जायचंही नाही. तू जळलास याचा मला एवढा राग नाही. जळताना तू माझ्या कामात हात घातलास. ते काम आहे म्हणून मी आज इथे आहे, नाहीतर त्या तिघांपैकी कुणाच्या तरी घरी असते. तुला हे माहीत होतं आणि तरी.

आपल्याबद्दल आत्ता काही विचारू नकोस. लिहायचंच असेल तर कामाचं लिही.

—

२० मे

कामाचंच लिहितोय.

मालकाला मी स्वतः सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपलं पाणी वाईटच?" म्हटलं, हो. "आणि तू हे एका मुलीपायी केलंस?" म्हटलं, हो.  मला वाटलं हाकलणार. पण जाळी अजून परत गेलेली नव्हती, गाडी मिळाली नव्हती म्हणून. ती त्याने पाइपला बसवायला लावली आणि म्हणाला, "रोज संध्याकाळी तिच्यावर जे साठेल ते खरवडायचं काम तुझं. खरवडायची सवय आहेच तुला." मामाला मी आधीच सगळं कबूल केलं होतं, त्याने मालकाला सांगितलेलं दिसतं.

मामा चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी तुझी पेटी आली, त्याच्या नावाने. आता गुरुवारी दहाला तो पांढरा कोट घालून पुलावर जातो. त्याला बाह्या बरोबर होतात. तू त्याला दोन पानी पत्र लिहिलंस, ‘आदरणीय मामा’ म्हणून. मला दीड पानाच्या वर तू कधी लिहिलं नाहीस. त्याने ते मोठ्याने वाचलं, मामीला ऐकवलं, मग घडी घालून खिशात ठेवलं आणि वर मला म्हणतो, "मुलगी फार व्यवस्थित लिहिते रे." मी भांडी विसळत होतो. एक कप फुटला. हे कामाचं नाही, पण लिहिलं गेलं, खोडत नाही.

जाळीबद्दल. पहिले सहा दिवस ती सारखी तुंबायची, कारण मी एकदाच खरवडत होतो. आता पाळी सुटताना एकदा आणि मशीन थंड झाल्यावर पुन्हा एकदा खरवडतो. जे निघतं ते ओल्या वाकळेसारखं दिसतं, निळं आणि करडं. पत्र्यावर पसरून वाळवतो आणि मालाच्या काट्यावर वजन करतो. काल पहिल्यांदा दिवसभराचं सगळं नीट वाळून मिळालं. सातशे दहा ग्रॅम. एका दिवसाचं. आजवर हे रोज ओढ्यात जात होतं.

तुला हा आकडा उपयोगी पडेल की नाही माहीत नाही. मी सांगितला तर मामा म्हणाला, "थांब, तुझ्या शब्दावर नाही पाठवायचा." त्याने मला काट्यापासून लांब उभं केलं, दोन्ही हात वर करायला लावले, काटा फुंकून साफ केला आणि पोत्यातलं सगळं ओतून पुन्हा वजन केलं.

सातशे दहाच भरलं. त्याची सही खाली आहे.